कारागृहातील ध्यानवर्ग आणि कौशल्य प्रशिक्षण : सुटकेच्या तारखेपासून मागे येत आखायची कार्यपद्धती

कारागृहात पुनर्वसनाचे काम करू इच्छिणाऱ्या संस्था, वारकरी मंडळे, ध्यानकेंद्रे आणि प्रशिक्षण संस्था यांच्याकडून एक चूक सातत्याने होते : आपल्याजवळ जे आहे तेच घेऊन त्या दाराशी जातात. कोणाकडे प्रवचनकार असतात, कोणाकडे देणगीत मिळालेली शिलाई यंत्रे असतात, कोणाकडे तयार अभ्यासक्रम असतो. ज्याच्यासाठी हे सारे करायचे तो माणूस बाहेर कधी पडणार, कोठे जाणार आणि कशावर जगणार, हे मात्र समारोपाच्या दिवसापर्यंत कोणी विचारलेले नसते. वास्तविक वहीतली पहिली नोंद सुटकेच्या संभाव्य तारखेची हवी आणि बाकी सर्व गोष्टी तिच्यापासून मागे मोजत ठरायला हव्यात. पुढील टप्पे महाराष्ट्रातील कारागृहे डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण बहुतेक अपयश क्रम चुकल्यामुळेच येते.

टप्पा १ : अर्ज लिहिण्याआधी गट ठरवा

‘बंद्यांसाठी’ असा एकच उपक्रम आखता येत नाही. २०२२ च्या अखेरीस देशभरातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन होते, म्हणजे चारांतील तिघांचा खटला अद्याप संपलेला नव्हता. न्यायाधीन बंद्याला उद्या जामीन मिळू शकतो किंवा त्याला दुसऱ्या कारागृहात हलवले जाऊ शकते, त्यामुळे त्याच्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखणे व्यर्थ आहे. त्याला दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होणारे आणि प्रत्येकाचे वेगळे प्रमाणपत्र असलेले छोटे भाग द्यावेत.

सिद्धदोष, म्हणजे गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा झालेल्या, बंद्यांमध्ये तीन गट करावेत. ज्यांची सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा उरली आहे, तो कौशल्य प्रशिक्षणाचा मुख्य गट. जन्मठेपेचे बंदी दीर्घकाळ आत असल्याने त्यांना विद्यार्थी म्हणून एका तुकडीत बसवून सोडून देण्यापेक्षा सहायक प्रशिक्षक म्हणून घडवावे, म्हणजे बाहेरचा प्रशिक्षक आला नाही त्या दिवशीही वर्ग चालतो. तिसरा गट खुल्या कारागृहांतील, म्हणजे जेथे बंद्यांना भिंतीबाहेर काम करता येते तेथील, बंद्यांचा. पैठण, मोर्शी, येरवडा येथील खुली कारागृहे आणि आटपाडीची स्वतंत्रपूर वसाहत येथे रोपवाटिका, दुग्धव्यवसाय, पंप दुरुस्ती यांसारखी भिंतीबाहेरची कामे शिकवता येतात. बंदिस्त कारागृहात ती केवळ फळ्यावरच राहतात.

*तपासणी :* या माणसाला प्रशिक्षणाच्या आधी वकिलाची गरज आहे का, हे पाहावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४७९ नुसार, मृत्युदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात, पहिल्यांदाच गुन्हा केल्याचा आरोप असलेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याची बंधपत्रावर सुटका होऊ शकते. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे, मात्र एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील तर हा लाभ अडतो. केवळ जामिनाची रक्कम भरता न आल्याने आत असलेल्यांसाठी आणि दंड न भरल्याने अडकलेल्यांसाठी केंद्राच्या गरीब बंदी साहाय्य योजनेत आर्थिक मदतीची तरतूद आहे. अशी नावे आढळताच ती मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावीत. सुटू शकणाऱ्या माणसाला आत ठेवून शिवण शिकवणे हे पुनर्वसन नव्हे.

टप्पा २ : परवानगी आणि दाराची शिस्त

एखाद्या दिवसाच्या कार्यक्रमाचा निर्णय सामान्यतः अधीक्षकांच्या पातळीवर होतो. महिनोन्महिने चालणारा, यंत्रसामग्री आत नेणारा किंवा बाहेरच्या कंपनीशी करार करणारा उपक्रम असेल तर प्रस्ताव पुण्यातील कारागृह मुख्यालयापर्यंत जातो, त्यामुळे त्याला वेळ लागतो हे गृहीत धरावे. अर्जात संस्थेची नोंदणी, येणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्र, आत न्यायच्या प्रत्येक वस्तूची संख्येसह यादी आणि पूर्ण वेळापत्रक द्यावे. ‘आवश्यक साहित्य’ एवढेच लिहिलेला अर्ज परत येतो, आणि तो योग्यच आहे.

वेळापत्रक कारागृहाच्या दिनक्रमाला धरून बांधावे. सकाळी बराकी उघडतात, मोजदाद होते, चहा-नाश्ता आणि जेवण उरकते. दुपारी बराकी पुन्हा बंद होतात आणि संध्याकाळचे जेवण लवकर होऊन सूर्यास्ताच्या सुमारास सर्व जण आत जातात. हातात खरोखर उरतात ते सकाळचे दोन-तीन तास आणि दुपारनंतरचा तासभर. या वेळा प्रत्येक कारागृहात थोड्या वेगळ्या असतात, म्हणून अधीक्षकांबरोबरच प्रत्यक्ष सर्कल (कारागृहाचा एक विभाग) सांभाळणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्यांशी बसून त्या लिहून घ्याव्यात.

*इशारा :* मोबाईल, रोख रक्कम, तंबाखू, काडेपेटी यांपैकी काहीही दाराच्या आत जाता कामा नये. उदबत्ती पेटवण्यापुरती काडेपेटी आणि प्रसादाचा डबा यांवरून चांगले उपक्रम बंद पडले आहेत. बंद्याची चिठ्ठी घरी पोहोचवणे, त्याच्या वतीने फोन करणे, त्याला स्वतःचा क्रमांक देणे या गोष्टी दयेपोटी केल्या तरी नियमभंगच ठरतात. घरी निरोप पाठवायचा असेल तर तो कारागृहातील समुपदेशक किंवा कल्याण अधिकारी यांच्यामार्फतच जावा.

टप्पा ३ : नावांची यादी

‘चांगल्या वागणुकीचे पन्नास बंदी द्या’ अशी मागणी करू नये. तशी यादी मागितली की तेच ते चेहरे प्रत्येक उपक्रमात दिसू लागतात आणि ज्याच्या मुलाखतीला, म्हणजे भेटीला, घरचे कोणी येत नाही असा माणूस बराकीतच राहतो. बराकींमध्ये जाहीर सूचना लावावी, निरक्षरांसाठी ती वाचून दाखवावी आणि प्रत्येक इच्छुकाशी दहा मिनिटे स्वतंत्र बोलावे. त्या बोलण्यात गाव, शिक्षण, अटकेपूर्वीचे काम, घरी कोण आहे, शिक्षा किती उरली आणि प्रकृती एवढेच विचारावे. गुन्हा विचारू नये. सुरक्षेच्या दृष्टीने कोणाला कार्यशाळेत येऊ द्यायचे नाही, हे प्रशासन ठरवील.

अटकेपूर्वीच्या कामाची नोंद विशेष महत्त्वाची आहे. बारा वर्षे गवंडीकाम केलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून नवा धंदा शिकवण्यापेक्षा त्याच्या पूर्वज्ञानाची मान्यता मिळवून प्रमाणपत्र हाती देणे अधिक उपयोगाचे असते, आणि त्याला वेळही कमी लागतो.

*तपासणी :* कामाचे वाटप जातीवर किंवा जमातीवर होत नाही ना, हे डोळसपणे पाहावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना कारागृहातील जातीआधारित श्रमविभागणी घटनाबाह्य ठरवली आणि नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले. आपल्या संस्थेच्या अर्जातही तो रकाना नसावा. बेकरीच्या तुकडीत काही विशिष्ट आडनावे आणि सफाईच्या तुकडीत दुसरीच आडनावे दिसू लागली, तर यादी पुन्हा करावी.

टप्पा ४ : आध्यात्मिक भाग

या टप्प्यावर मी अधिक थांबणार आहे, कारण येथे हेतू सर्वांत चांगले असतात आणि चुकाही सर्वांत खोल जातात.

पहिला नियम असा की, आध्यात्मिक वर्ग आणि कौशल्य वर्ग यांची हजेरी एकमेकांशी बांधू नये. ‘सत्संगाला येईल त्यालाच यंत्रावर बसवू’ अशी अट तोंडी असली तरी ती सक्तीच असते, आणि राज्यघटनेच्या कलम २५ मधील धर्मस्वातंत्र्य दाराबाहेर ठेवून कोणी आत गेलेला नसतो. महाराष्ट्रातील कोणत्याही बराकीत हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती शेजारी शेजारी झोपतात. शिवणवर्गाची सुरुवात आरतीने केली की त्यांतील काही जण दुसऱ्या दिवसापासून यायचे थांबतात, आणि त्याचे कारण कोणी सांगत नाही. ध्यान, भजन-कीर्तन, कुराणपठण, बुद्धवंदना यांना स्वतंत्र वेळ आणि स्वतंत्र नोंदवही असावी. काहीच नको असलेल्यासाठी वाचनाचा किंवा समुपदेशनाचा पर्याय असावा.

दुसरा नियम न्यायाधीन बंद्यांविषयी आहे आणि तो फारच कमी संस्थांना ठाऊक असतो. अनेक कार्यक्रमांत पश्चात्तापाचा भाग म्हणून बंद्याला सर्वांसमोर आपली चूक बोलून दाखवायला सांगतात. ज्याचा खटला चालू आहे त्याने खाजगी व्यक्तीसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. ती दुबळा पुरावा मानली जात असली तरी ऐकणाऱ्या स्वयंसेवकाला साक्षीसाठी बोलावले जाऊ शकते आणि शेजारी बसलेला सहबंदीही साक्षीदार होऊ शकतो. म्हणून न्यायाधीन गटात कबुलीचे, पत्रलेखनाचे किंवा ‘माझी चूक’ अशा स्वरूपाचे प्रकार घेऊ नयेत, कोणी आपण होऊन बोलू लागल्यास त्याला थांबवून आधी वकिलाशी बोलण्यास सांगावे आणि ध्वनिमुद्रण किंवा टिपणे मुळीच करू नयेत. सिद्धदोष बंद्याच्या मनात पीडित कुटुंबाविषयी काही करण्याची इच्छा निर्माण झाली, तरी त्या कुटुंबाशी थेट संपर्क साधू नये. त्यांना तो संपर्क हवा आहे का, हे आधी तटस्थ व्यक्तीमार्फत आणि प्रशासनाच्या संमतीने विचारले गेले पाहिजे.

तिसरी बाब म्हणजे प्रकारानुसार तयारी. मौन पाळून होणाऱ्या दहा दिवसांच्या विपश्यना ध्यानशिबिराची तयारी आणि आठवड्यातून एकदा होणाऱ्या भजनाची तयारी यांत काहीही साम्य नाही. शिबिरासाठी पुढील क्रम पाळावा.

१. दहा दिवसांत ज्यांची न्यायालयाची तारीख, दूरदृश्य सुनावणी किंवा ठरलेली मुलाखत येते, त्यांना या वेळच्या यादीतून वगळून पुढच्या शिबिरात जागा राखावी. सातव्या दिवशी तारखेला बाहेर काढलेला माणूस रात्री परत येतो तेव्हा त्याचे शिबिर संपलेले असते.

२. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून प्रत्येकाची तपासणी करून घ्यावी. तीव्र मानसिक आजार असलेल्या किंवा नुकतेच व्यसन तुटलेल्या बंद्याला दीर्घ मौनात बसवणे धोक्याचे आहे. चालू असलेली औषधे कोणत्याही परिस्थितीत बंद करू नयेत.

३. वेगळी बराक, पुरेशी स्वच्छतागृहे आणि शिबिरार्थींच्या जेवणाची स्वतंत्र व्यवस्था निश्चित करावी. मोजदाद आवाज न करता कशी घ्यायची, हे पाळीवरील रक्षकांना आधी समजावून सांगावे.

४. काही अधिकारी आणि रक्षक स्वतः शिबिरात बसलेले असावेत. दिल्लीच्या तिहार कारागृहात १९९३-९४ साली शिबिरे सुरू झाली तेव्हा कर्मचारीही साधक म्हणून बसले होते. ज्या रक्षकाने स्वतः मौन अनुभवले आहे तो शिबिराच्या दारात मोठ्याने हाक मारत नाही.

५. शिबिरार्थी कार्यशाळेत काम करणारे असतील तर त्यांच्या दहा दिवसांच्या मजुरीचे काय होणार, हे लेखी ठरवावे. घरी पैसे पाठवणाऱ्याला हा प्रश्न मोक्षाहून जवळचा असतो आणि तो तसा असण्यात काहीच गैर नाही.

*इशारा :* शिबिर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बराकीतील गोंगाट पूर्ववत असतो. रोजच्या बैठकीसाठी जागा आणि वेळ आधी मिळाली नसेल, तर शिबिर पुढे ढकलावे.

टप्पा ५ : धंदा निवडणे

कारागृहात कोणती यंत्रे आहेत यावरून धंदा निवडला जातो, ही सर्वांत खर्चिक चूक आहे. राज्यातील मध्यवर्ती कारागृहांत हातमाग, यंत्रमाग, सुतारकाम, शिवणकाम, बेकरी असे विभाग चालतात आणि तेथील माल उत्तमही असतो, पण केजजवळच्या खेड्यात परतणाऱ्या माणसाला तेथे हातमाग मिळणार नाही. टप्पा ३ मधील गावांची यादी समोर घ्यावी आणि त्या-त्या तालुक्याच्या बाजारपेठेत कोणते दुरुस्तीचे किंवा सेवेचे काम चालते, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे.

निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. या कामासाठी पोलीस पडताळणीचा दाखला लागतो का? सुरक्षारक्षक किंवा प्रवासी वाहनचालक यांसारख्या कामांत तो लागतो आणि माणूस तेथेच अडतो. सुरुवातीचे भांडवल किती? आणि पहिल्या महिन्यात हातात पैसे येतात का? दुचाकी दुरुस्ती, नळजोडणी, बेकरी, वेल्डिंग, इमारतीचे वायरिंग ही कामे यांत बरीच बसतात. मात्र वायरिंगसाठी वायरमनचा परवाना स्वतंत्रपणे मिळवावा लागतो, हे शिकवतानाच सांगावे. पुरुष बंद्यांच्या शिवणवर्गात ब्लाउज शिकवून उपयोग होत नाही, कारण मापे घेण्याचा सराव आत होत नाही आणि बाहेर गिऱ्हाईक येत नाही. शर्ट, पँट, शालेय गणवेश आणि कपड्यांची दुरुस्ती यांपासून सुरुवात करावी.

कमी शिकलेल्यांसाठी जन शिक्षण संस्थानांचे (केंद्राच्या साहाय्याने चालणाऱ्या कौशल्य प्रशिक्षण संस्थांचे) अल्पमुदतीचे वर्ग सोयीचे पडतात. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे निदेशक मिळाले तर फारच उत्तम. अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी (कौशल्यांच्या देशभर एकसमान पातळ्या ठरवणाऱ्या चौकटीशी) जोडलेला असावा, म्हणजे परीक्षेपूर्वी दुसऱ्या कारागृहात बदली झाली तरी केलेले काम वाया जाण्याची शक्यता कमी होते.

*तपासणी :* प्रमाणपत्रावर प्रशिक्षणस्थळ म्हणून कारागृहाचे नाव येणार नाही, असे प्रशिक्षण संस्थेशी आधीच लेखी ठरवावे. छपाई झाल्यावर कोणी बदलून देत नाही.

टप्पा ६ : कार्यशाळेतील रोजची शिस्त

हत्यारांची मोजणी तीन वेळा व्हावी : सुरुवातीला, जेवणाच्या सुट्टीआधी आणि शेवटी. प्रत्येक कात्रीवर क्रमांक कोरून ती साखळीने मेजाला बांधावी. भिंतीवरील फळ्यावर प्रत्येक हत्याराची बाह्याकृती रंगवून त्यावरच ते हत्यार टांगावे. पेचकस जागेवर नसेल तर त्याचा रिकामा रंगीत आकार लांबूनही दिसतो आणि यादी वाचावी लागत नाही. यंत्राची सुई मोडली तर दोन्ही तुकडे जमा केल्याशिवाय नवी सुई मिळणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. एक तुकडा सापडला नाही म्हणून साऱ्या तुकडीची झडती होते आणि प्रशिक्षकाविषयीचा विश्वास संपतो.

पहिले दोन आठवडे इंच-सेंटिमीटर, साधे अपूर्णांक आणि हिशेब यांवर घालवावेत. मोजपट्टी वाचता न येणारा माणूस लाजेने विचारत नाही, कापड बिघडवतो आणि वर्ग सोडतो.

उत्पादन विकले जाणार असेल तर मोबदला ठरलेला असावा. सक्तमजुरीच्या बंद्यालाही कामाचा न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केले आहे. न्यायाधीन बंद्याकडून त्याच्या इच्छेशिवाय काम करून घेता येत नाही. शिकाऊ काळाच्या नावाखाली फुकट काम करून घेणाऱ्या बाहेरच्या कंपनीला दार उघडून देऊ नये.

टप्पा ७ : सुटकेआधीचे तीन महिने

येथपर्यंत नीट केलेले काम बहुधा याच काळात निसटते. कागदपत्रांपासून सुरुवात करावी. आधार, शिधापत्रिका, बँक खाते, शाळा सोडल्याचा दाखला यांपैकी काय आहे, काय पोलिसांकडे जमा आहे आणि काय हरवले आहे, याची प्रत्येकाची स्वतंत्र यादी करावी. आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक अनेकदा बंद पडलेला असतो आणि त्यावाचून बाहेर एकही अर्ज पुढे सरकत नाही.

संचित रजा (फर्लो) किंवा अभिवचन रजा (पॅरोल) मंजूर होणाऱ्यांसाठी ती रजा रंगीत तालीम म्हणून वापरावी. त्या दिवसांत होणाऱ्या मालकाची भेट, दुकानाच्या जागेची पाहणी आणि बँकेतील काम उरकावे. घरी परतणे शक्य नसलेल्यांची, विशेषतः गावात वैर असलेल्यांची, राहण्याची सोय याच वेळी पाहावी. जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांशी (प्रोबेशन ऑफिसर) संपर्क आधीच झालेला असावा. मुंबई परिसरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून या क्षेत्रात आहे, त्याच्या पद्धतीकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

कर्जाची घाई करू नये. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवडा कारागृहात सुरू केलेल्या ‘जिव्हाळा’ योजनेत ७ टक्के व्याजाने ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळण्याची सोय झाली. तिचा आधार आत मिळणारी मजुरी हा आहे आणि तिचा उपयोग घरची निकड भागवण्यासाठी होतो. सुटल्यावर धंदा टाकण्यासाठीचे कर्ज वेगळे. ते निदान तीन महिने दुसऱ्याच्या हाताखाली काम केल्यानंतरच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

*तपासणी :* मालकाला माणसाची पार्श्वभूमी ठाऊक आहे का, आणि बंद्याच्या लेखी संमतीनेच ती सांगितली आहे का? लपवून लावलेली नोकरी पहिल्या कुजबुजीत जाते.

टप्पा ८ : सुटकेचा दिवस आणि पुढचे वर्ष

जामिनाचे आदेश ठरलेल्या वेळी तपासले जातात आणि प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत अनेकदा संध्याकाळ होते. शेवटची एसटी गेलेली असते आणि जुने सोबती दाराशी गाडी घेऊन उभे असतात. म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे त्या दिवशी दाराशी येणारी एक व्यक्ती, रात्रीची जागा आणि प्रवासखर्च निश्चित असावा. न्यायाधीन बंद्यांच्या बाबतीत ही तयारी प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात करून ठेवावी, कारण त्यांच्या सुटकेची तारीख आधी कळत नाही.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, नंतर तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात संपर्क साधावा. चार गोष्टी नोंदवाव्यात : काम आहे का, महिन्याची मिळकत किती, राहतो कोठे, आणि न्यायालयाच्या तारखा तो पाळतो का. ध्यान किंवा नामस्मरण चालू आहे का, हे विचारायला हरकत नाही, पण त्याला गुण देऊ नयेत. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक वापरावा आणि संस्थेच्या अहवालात कोणाचेही छायाचित्र छापू नये. लग्नाला आलेल्या मुलीच्या सासरी ते छायाचित्र पोहोचू शकते.

एखादा पुन्हा आत आला तर त्याचे नाव यादीतून खोडू नये. त्याला भेटून कोणत्या महिन्यात काय तुटले, एवढे शांतपणे विचारून लिहून घ्यावे : मजुरी थकली, खोली सुटली की व्यसन परतले. पुढच्या तुकडीसाठी धंदा, मालक आणि राहण्याची जागा निवडताना हीच पाने आधी उघडावीत.